शेंगेन व्हिसा: पहिल्यांदाच युरोपला निघालेल्यांसाठी

युरोपच्या पर्यटक व्हिसाचा निर्णय घेणारा अधिकारी बहुतेकांना कधी भेटतच नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रावर कागद तपासून घेणारी आणि बोटांचे ठसे घेणारी माणसे वेगळी. निर्णय घेणारा वकिलातीत बसलेला असतो आणि त्याच्यापुढे असते ती फक्त तुमची फाइल. रजेच्या पत्रात १० मे, विमानाच्या बुकिंगवर ८ मे, विमा १२ मेपासून, आणि अर्जात दिवस लिहिलेत भलतेच, अशा फाइली मी पुष्कळ पाहिल्या आहेत. माणसे खरी, पैसे खरे, हेतू स्वच्छ, तरीही नकार येतो. म्हणून खाली क्रमाने सगळे सांगत असलो, तरी प्रत्येक पायरीवर एक गोष्ट स्वतःला विचारत चला: हा कागद बाकीच्या कागदांशी जुळतो का?

हे मार्गदर्शन भारतीय पासपोर्टवर, भारतातून, फिरायला किंवा मुलाबाळांना भेटायला जाणाऱ्यांसाठी आहे. नोकरी, शिक्षण किंवा ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल तर त्या त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा लागतो. त्याचे नियम वेगळे आहेत.

आधी नकाशा पक्का करा

१४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या गावी पाच देशांनी आपापसातली सीमातपासणी हळूहळू बंद करण्याचा करार केला. आज या क्षेत्रात २९ देश आहेत. एका व्हिसावर हे सगळे फिरता येतात, म्हणून आपण त्याला सहज ‘युरोपचा व्हिसा’ म्हणतो. पण युरोप आणि शेंगेन एकच नव्हेत. ब्रिटन यात नाही, आयर्लंड नाही, सायप्रस नाही. उलट स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन हे युरोपीय संघाबाहेरचे चार देश शेंगेनमध्ये आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी आला. बल्गेरिया आणि रोमानिया १ जानेवारी २०२५पासून पूर्णपणे सामील झाले, त्यामुळे जुने नकाशे आणि जुने लेख पाहून बेत आखू नका.

लंडन आणि पॅरिस एकाच सहलीत करायचे असेल तर व्हिसे दोन लागतील, आणि क्रमाचाही विचार करावा लागेल. आधी लंडन, मग पॅरिस आणि तिथून घरी, असा क्रम असेल तर शेंगेनमध्ये एकदाच प्रवेश होतो. पॅरिस, मग लंडन, मग पुन्हा रोम असे केले तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो आणि एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही. फ्रान्स आणि स्पेनच्या मधला चिमुकला अँडोरा पाहायला जाणारेही इथेच अडकतात. तो शेंगेनमध्ये नाही, आणि तिथे जायचे तर फ्रान्स किंवा स्पेनमधूनच जावे लागते. एकदा बाहेर पडलात की परत येताना दुसरा प्रवेश लागतो. व्हॅटिकन आणि सान मारिनोला मात्र इटलीतून तपासणीशिवाय जाता येते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा

इथे मनपसंतीला वाव नाही. ज्या देशात तुमच्या सर्वांत जास्त रात्री जाणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा. फ्रान्समध्ये चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये तीन, इटलीत तीन असतील तर अर्ज फ्रान्सकडे. रात्री समान असतील तर ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच्याकडे. अमुक देशाच्या तारखा लवकर मिळतात किंवा तमुक देश सढळ हाताने व्हिसा देतो, असे ऐकून तिकडे अर्ज करायचा आणि मुक्काम दुसरीकडे करायचा, हा सल्ला एजंटांकडून सर्रास मिळतो. तो ऐकू नका. वकिलातीला हॉटेलांच्या बुकिंगवरून हे लगेच दिसते, आणि सीमेवरचा अधिकारीही विचारू शकतो.

एक गैरसमज मात्र दूर करतो. व्हिसा फ्रान्सचा असेल तर विमान फ्रान्समध्येच उतरले पाहिजे, असा नियम नाही. मुंबईहून फ्रँकफर्टला उतरून पुढे पॅरिस गाठले तरी चालते, फक्त मुख्य मुक्काम फ्रान्समध्ये आहे हे दाखवता आले पाहिजे.

अर्ज तुम्ही जिथे राहता त्या भागाची जबाबदारी असलेल्या वकिलातीकडे जातो. बहुतेक देशांनी कागद स्वीकारण्याचे काम बाहेरच्या कंपन्यांना दिले आहे. अनेक देशांसाठी व्हीएफएस ग्लोबल आहे, स्पेनसाठी बीएलएस इंटरनॅशनल. या कंपन्या फाइल स्वीकारतात आणि पुढे पाठवतात. व्हिसा द्यायचा की नाही यात त्यांचा शब्द चालत नाही, आणि एजंटाचा तर मुळीच नाही. ‘व्हिसाची गॅरंटी’ देणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका.

वेळेचे गणित

प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी अर्ज करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची आहे, पण अधिक चौकशी हवी असेल तर ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. खरा वेळ खातो तो अपॉइंटमेंटचा शोध. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी सगळा देश एकदम अर्ज करतो, आणि एप्रिल-मेच्या तारखा मार्चमध्ये शोधू लागलात तर हाती काही लागेलच असे नाही. मे महिन्यात जायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीतच तयारीला लागा.

या काळात तुमचा पासपोर्ट वकिलातीकडे असतो. मधे दुसरा परदेश प्रवास ठेवू नका.

पासपोर्ट आणि नावाची भानगड

पासपोर्टच्या अटी तीन. तो गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, शेंगेनमधून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा, आणि त्यात किमान दोन पाने पूर्ण कोरी असावीत. शिलाई उसवलेला, पाणी लागलेला किंवा फाटलेला पासपोर्ट असेल तर आधी नवा काढा.

मराठी माणसांचा खरा गोंधळ नावात होतो. आपण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे लिहितो. पासपोर्टमध्ये पहिली दोन पदे एका रकान्यात आणि आडनाव दुसऱ्यात जाते. कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचे नाव आहे, बँकेत नुसते आद्याक्षर आहे, आणि ऑफिसच्या पत्रात तेही नाही. लग्नानंतर बदललेल्या नावांचे तर विचारूच नका: पासपोर्ट माहेरच्या नावाने, बँकेचे खाते सासरच्या. परक्या देशातल्या अधिकाऱ्याला हे एकच माणूस आहे हे आपोआप कळणार नाही. अशा वेळी विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचे राजपत्र जोडा आणि सोबतच्या पत्रात दोन ओळींत खुलासा करा. विमानाचे तिकीट, विमा आणि अर्ज मात्र अक्षरशः पासपोर्टप्रमाणेच हवेत, स्पेलिंगमधल्या एका अक्षराचाही फरक नको.

विवाहाचा दाखला, सातबारा, रेशन कार्ड असे मराठीतले कागद जोडणार असाल तर त्यांचे इंग्रजी भाषांतर सोबत द्या. भाषांतर कुणाकडून हवे, याची अट त्या देशाच्या यादीत पाहा.

फाइलमध्ये काय काय

प्रत्येक देशाची कागदांची यादी केंद्राच्या संकेतस्थळावर असते. ती उतरवून घ्या आणि त्याच क्रमाने फाइल लावा. मूळ साचा सगळीकडे सारखाच: भरलेला आणि सही केलेला अर्ज, पासपोर्ट, फोटो, विमा, जाण्यायेण्याचे बुकिंग, राहण्याची सोय, पैशांचा पुरावा, व्यवसायाचा पुरावा आणि तुमचे पत्र. जुन्या पासपोर्टवर व्हिसे असतील तर तेही पासपोर्ट जोडा. फोटो ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा, ताजा, फिकट पार्श्वभूमीवर. स्टुडिओत ‘शेंगेन फोटो’ म्हटले की त्यांना कळते.

विम्यात किमान ३०,००० युरोचे संरक्षण लागते. त्यात तातडीचे वैद्यकीय उपचार, रुग्णालयाचा खर्च आणि गरज पडल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्च यायला हवा. तो सगळ्या शेंगेन क्षेत्रासाठी आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवसासाठी हवा. ज्येष्ठांसाठी विमा घेताना आधीपासून असलेल्या आजारांबद्दलची कलमे नीट वाचा. व्हिसासाठी कुठलाही चालणारा विमा पुरेल, पण तिथे छातीत दुखू लागले तर उपयोगी पडेल असा विमा वेगळा असतो, आणि दोन्हींच्या हप्त्यातला फरक युरोपातल्या रुग्णालयाच्या एका दिवसाच्या खर्चापुढे काहीच नाही. आईवडिलांच्या बाबतीत इथे काटकसर करू नका.

विमानाचे आणि हॉटेलचे बुकिंग लागते, पण व्हिसा हाती येण्याआधी पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका. बदलता येणारे किंवा रद्द करता येणारे बुकिंग घ्या. ‘डमी तिकीट’ म्हणून काही दुकाने जो कागद छापून देतात, त्यातला बराचसा खोटा असतो, आणि खोटा कागद सापडला तर नकार तर येतोच, शिवाय तुमच्या नावाची नोंदही राहते. व्हिसा मिळाल्यावर हॉटेल बदलायचे असेल तर बदला, पण नव्या बुकिंगचे कागद जवळ ठेवा आणि मुख्य देश बदलू नका.

पैशांचा पुरावा

सर्वांत जास्त भीती याच कागदाची असते, आणि चुकाही इथेच होतात. बहुतेक देश तीन ते सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट मागतात, बँकेच्या शिक्क्यासह. ते पाहणाऱ्याला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: या सहलीचा खर्च हा माणूस सहज करू शकतो का, आणि हा पैसा त्याचाच आहे का.

अर्जाच्या आधी आठवडाभर कुणा नातेवाइकाकडून चार-पाच लाख घेऊन खात्यात टाकण्याची पद्धत फार रूढ आहे. ही सर्वांत वाईट युक्ती. महिनोन्‌महिने वीस-तीस हजारांत फिरणाऱ्या खात्यात अचानक मोठी रक्कम आली की ती पहिल्याच नजरेत दिसते. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, म्हणजे मुदत ठेव मोडली असेल, जमीन विकली असेल, बोनस मिळाला असेल, तर त्याचा कागद जोडा आणि पत्रात एक ओळ लिहा. नियमित येणारा पगार, नियमित होणारा खर्च आणि महिन्याअखेर उरणारी शिल्लक, हे साधे चित्र मोठ्या आकड्यापेक्षा जास्त विश्वासार्ह वाटते.

दिवसाला किती पैसे हवेत हे प्रत्येक देश आपापले ठरवतो. फ्रान्सचे उदाहरण घ्या: हॉटेलचे बुकिंग दाखवले तर दिवसाला किमान ६५ युरो, बुकिंग नसेल तर १२० युरो. तुम्ही ज्या देशाकडे अर्ज करणार त्याचा आकडा पाहा, दिवसांनी गुणा, आणि त्याहून बऱ्यापैकी जास्त रक्कम खात्यात आहे ना हे तपासा. प्राप्तिकर विवरणपत्रे जोडा, सहसा गेल्या दोन-तीन वर्षांची. मुदत ठेवी किंवा म्युच्युअल फंड असतील तर तेही दाखवा, पण त्यांनी रोजच्या वापराच्या बँक खात्याची जागा भरून निघत नाही.

परत येणार याचा पुरावा

नोकरदारांनी पगाराच्या चिठ्ठ्या आणि कंपनीचे पत्र जोडावे. पत्रात पद, किती वर्षांपासून नोकरीत आहात, मंजूर रजेच्या तारखा आणि कामावर परत रुजू होण्याची तारीख असावी. नुसती ‘आमची हरकत नाही’ एवढी एनओसी अर्धीच. व्यावसायिकांनी शॉप ॲक्ट किंवा उद्यम नोंदणी, जीएसटीची विवरणपत्रे, व्यवसायाच्या खात्याचे स्टेटमेंट द्यावे. शेतकऱ्यांनी सातबारा आणि शेतमालाच्या विक्रीच्या पावत्या द्याव्यात. निवृत्तांनी पेन्शनचे कागद, विद्यार्थ्यांनी बोनाफाइड आणि सुट्टीचे पत्र, गृहिणींनी पतीचे आर्थिक कागद आणि विवाहाचा दाखला. अल्पवयीन मूल एकाच पालकासोबत निघाले असेल तर दुसऱ्या पालकाचे संमतिपत्र लागते, मुलाच्या जन्मदाखल्यासह.

मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला असेल आणि आईवडील भेटायला जाणार असतील, तर त्यांच्याकडून निमंत्रणपत्र, निवासपरवान्याची आणि पासपोर्टची प्रत, राहत्या घराचा पुरावा मागवून घ्या. खर्च तेच करणार असतील तर काही देशांत औपचारिक हमीपत्र लागते. जर्मनीत ते परदेशी नागरिकांच्या स्थानिक कार्यालयातून काढावे लागते आणि तिथली अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो. मुलाला आत्ताच सांगून ठेवा. खर्च मुलाचा असला, तरी आईवडिलांनी स्वतःचे पेन्शन, घर, ठेवी यांचे कागद जोडावेत. परत येण्याची कारणे इथेच आहेत, हे त्यातूनच दिसते.

या सगळ्यावर एक पानाचे पत्र लिहा. मी कोण, कुठे आणि कोणत्या तारखांना जातो आहे, सोबत कोण, खर्च कोण करणार, परत येऊन काय करणार. युरोपच्या सौंदर्याचे वर्णन नको. पत्रासोबत दिवसवार कार्यक्रमाचा तक्ता जोडा: तारीख, शहर, हॉटेल, पुढचा प्रवास कशाने. हा तक्ता तयार झाला की तो एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने बाकीचा प्रत्येक कागद उलटत तारखा ताडून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे. ते दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, कारण स्वतःच्या फाइलमधली विसंगती स्वतःला दिसत नाही.

केंद्रावरचा दिवस

प्रौढांसाठी व्हिसाचे शुल्क ११ जून २०२४पासून ९० युरो आहे, सहा वर्षे पूर्ण झालेल्या आणि बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना माफ. रुपयांतली रक्कम दरानुसार बदलते. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. नकार आला तरी शुल्क परत मिळत नाही. एसएमएस, कुरियर, विशेष कक्ष अशा जास्तीच्या सेवा तिथे विचारल्या जातात. त्या ऐच्छिक असतात, आणि त्या घेतल्याने निर्णयावर काही परिणाम होत नाही.

दहाही बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात, त्यामुळे आधीच्या व्हिसासाठी दिले असतील तर अर्जात त्याची तारीख लिहा. मेंदीचा गडद रंग किंवा बोटाला जखम असेल तर ठसे नीट उमटत नाहीत, लग्नसराईत हे ध्यानात ठेवा. काउंटरवर एखादा कागद कमी आहे असे सांगितले तर तो नंतर देता येईल का, हे तिथेच विचारा.

व्हिसा हाती आल्यावर आधी तो वाचा

स्टिकर पाहून आनंद होतो आणि पासपोर्ट कपाटात जातो. तसे करू नका. नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख तपासा. चूक असेल तर लगेच केंद्राशी संपर्क साधा. मग तीन रकाने पाहा. पहिला, कधीपासून कधीपर्यंत वैध. दुसरा, किती प्रवेश: १, २ किंवा अनेक. तिसरा, मुक्कामाचे दिवस.

पहिला आणि तिसरा रकाना वेगळे आहेत, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांची गफलत इथेच होते. वैधता १ मे ते ३० मे आणि मुक्काम १५ दिवस असे लिहिले असेल, तर त्या तीस दिवसांत केव्हाही जा, पण आत राहायचे ते पंधराच दिवस. उतरल्याचा दिवस आणि निघाल्याचा दिवस दोन्ही मोजतात, रात्री उशिरा उतरलात तरी.

अनेक प्रवेशांचा, लांब मुदतीचा व्हिसा मिळाला तर १८० दिवसांत ९० दिवसांचा नियम लागू होतो. कोणत्याही दिवशी मागे वळून १८० दिवस मोजायचे, आणि त्यात शेंगेनमधले दिवस ९०पेक्षा जास्त भरता कामा नयेत. समजा आईवडील मुलाकडे १ एप्रिलला पोचले आणि २९ जूनला निघाले. बरोबर ९० दिवस झाले. आता १ जुलैला ‘नवी सहामाही’ सुरू होत नाही. ते परत पाय ठेवू शकतात तो २८ सप्टेंबरला, कारण त्या दिवशी मागच्या १८० दिवसांच्या मोजणीतून १ एप्रिल बाहेर पडतो. वर्षाच्या सहामाहीशी याचा काही संबंध नाही. युरोपीय आयोगाच्या संकेतस्थळावर यासाठी गणकयंत्र आहे, तारखा टाकून पाहा.

सीमेवर

व्हिसा असला म्हणजे प्रवेश मिळालाच असे नसते. अंतिम निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग, विमा, निमंत्रणपत्र यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकलेल्या बॅगेत नको. कशासाठी आलात, किती दिवस, कुठे राहणार, एवढेच बहुधा विचारतात. उत्तरे थोडक्यात आणि खरी द्या. आईवडील एकटेच निघाले असतील आणि इंग्रजीची सवय नसेल तर मुलाचा पत्ता, फोन नंबर आणि दोन ओळींचा खुलासा इंग्रजीत लिहून त्यांच्याजवळ द्या.

पासपोर्टची तपासणी शेंगेनमधल्या पहिल्या विमानतळावर होते. मुंबई–फ्रँकफर्ट–रोम असा प्रवास असेल तर रांग फ्रँकफर्टला, रोमला उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. म्हणून मधल्या थांब्यात वेळ पुरेसा ठेवा, तासाभराचे कनेक्शन घेऊ नका. १२ ऑक्टोबर २०२५पासून शिक्क्यांच्या जागी ‘एंट्री एक्झिट सिस्टिम’ ही संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. तीत चेहऱ्याचा फोटो आणि येण्याजाण्याच्या तारखा नोंदतात, आणि जास्तीचा मुक्काम यंत्रच मोजते. ‘एटियास’ नावाच्या परवान्याबद्दल वाचाल, पण तो व्हिसामुक्त देशांच्या नागरिकांसाठी आहे. शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना त्याची गरज नाही. कुणी त्याचे पैसे मागितले तर देऊ नका.

सामानाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मुलाकडे जाणाऱ्या प्रत्येक आईची बॅग इथे अडकते. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, घरचे तूप नको. ताजी फळे आणि भाज्या न्यायच्या तर वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. सूट आहे ती केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच. हापूस त्यात नाही, कढीपत्त्याची ताजी जुडीही नाही. कोरडे मसाले, भाजणी, पोह्याचे पापड न्या. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, प्रवासाला पुरतील एवढीच.

रोख रक्कम १०,००० युरो किंवा त्याहून जास्त असेल तर ती युरोपात उतरताना जाहीर करावी लागते. भारतातून निघताना परकीय चलनाच्या नोटा सर्वसाधारणपणे ३,००० डॉलरच्या मर्यादेतच नेता येतात, बाकी रक्कम कार्डावर घ्या. भारतीय रुपये जास्तीत जास्त २५,०००.

नकार आला तर

नकारासोबत छापील फॉर्म येतो आणि त्यावर कारणाच्या चौकटीत खूण असते. ‘मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती पटण्याजोगी मांडलेली नाही’, ‘पुरेशी आर्थिक साधने दाखवलेली नाहीत’, ‘परत जाण्याच्या हेतूबद्दल वाजवी शंका’, ही त्यातली नेहमीची. ती चौकट म्हणजे तुमच्या फाइलमधली उणीव, ती घेऊन प्रत्येक कागद पुन्हा तपासा. दाद मागण्याचा हक्क आहे, पण रीत आणि मुदत देशागणिक वेगळी, आणि ती फॉर्मवर लिहिलेली असते. जर्मनीने वकिलातीकडेच फेरविचार मागण्याची सोय १ जुलै २०२५पासून बंद केली, त्यामुळे तिथे पर्याय उरतो नवा अर्ज किंवा न्यायालय. उणीव भरून नवा अर्ज करणे बहुतेकांना सोयीचे पडते. तोच संच दुसऱ्या देशाकडे सरकवू नका. अर्जांची नोंद सर्व शेंगेन देशांच्या सामाईक यंत्रणेत पाच वर्षे राहते आणि आधीचा नकार सगळ्यांना दिसतो.

व्हिसा मिळून सहल नीट पार पडली, तर पुढचा रस्ता सोपा होतो. १८ एप्रिल २०२४ रोजी युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी नवी पद्धत मान्य केली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर त्यानंतर पाच वर्षांचा. त्या अर्जात आधीचे व्हिसे दाखवावे लागतात. पासपोर्टचे नूतनीकरण झाले तरी जुना पासपोर्ट सांभाळून ठेवा, आणि प्रत्येक व्हिसाच्या पानाची रंगीत प्रत वेगळ्या फाइलमध्ये लावा.